इंजिनाला ऊब हवीच

कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये हिवाळ्यातही पारा क्वचितच दहा अंशांखाली जातो. तरीही 1884 पासूनच्या तिथल्या जहाजबांधणी कारखान्याला इंजिन तापवण्याचा विषय परका नाही. मोठ्या सागरी डिझेल इंजिनांचे थंडाव्याचे पाणी ती सुरू करण्याआधी गरम केले जाते. जहाजाचा आणीबाणीचा जनित्रसंच शून्य अंशाला सहज सुरू झाला पाहिजे आणि त्याहून कडक थंडी संभवत असेल, तर तापवण्याची सोय हवी, असा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमच आहे. मग लडाखमधल्या रुग्णवाहिकेला तो न्याय का नको? 2019 मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले, हे मोलाचे काम झाले. पण इंधन वाहते राहिले म्हणून इंजिन तापत नाही: वंगण घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो, गार सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. इंजिन तापवणारा हीटर वीज खातो, हा आक्षेप खरा आहे; पण टायमर लावला तर निघण्याआधीचे काही तासच पुरतात. वीज नसेल तिथे इंधनावर चालणारा हीटर मिळतो, आणि इंजिनाखाली जाळ करण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे. कोलकात्याच्या मोटारीला यातले काहीच नको. लडाखच्या प्रत्येक सरकारी रुग्णवाहिकेला मात्र हा हीटर सक्तीचा करावा.