रहमदिल अब्बा आणि फुफीची खोली

आमच्या मोहल्ल्यात अब्बांना लोक रहमदिल म्हणतात. ते खरंच आहे. त्यांचा मुलगा म्हणून नाही, साक्षीदार म्हणून सांगतो.

21 एप्रिल 2021. रमजानचा आठवा रोजा. जुन्या नाशकातल्या कथड्यात महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. त्या दुपारी तिथल्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. आवारात पांढरा धूर पसरला आणि आत व्हेंटिलेटरवर असलेले 22 रुग्ण काही वेळात गेले. बाहेर नातेवाईक आक्रोश करत होते. अब्बा रिक्षा घेऊन तिकडे गेले आणि मगरिब टळल्यावर घरी आले. कुणाला घरी सोडलं, कुणासाठी फोन लावले, एका आजींजवळ नुसतेच बसून राहिले. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे त्यांनी विचारलं नाही आणि घरी येऊन सांगितलंही नाही. पुढचे दोन महिने रिक्षात कधी सिलिंडर, कधी डबे. भाडं घेतलं नाही. रात्री वजू करताना रडायचे, ते मी पाहिलंय.

याच अब्बांच्या कपाटात एक हक्कसोड पत्र आहे. दादांच्या इंतकालनंतर काही महिन्यांत फुफीची त्यावर सही घेतलेली आहे. काही शे रुपयांचा स्टँप, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातला एक फोटो, दोन साक्षीदार. फोटोत फुफीच्या डोक्यावरचा पदर नीट आहे आणि नजर खाली आहे.

हिशेब अवघड नाही. दादी आधीच गेल्या होत्या. मागे एक मुलगा, एक मुलगी. कुरआनातल्या सूरे निसाप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. घराला खोल्या तीन. म्हणजे एक खोली फुफीची. मी दहावी-बारावी ज्या खोलीत बसून केली, तीच म्हणा.

मुलीला मुलाच्या निम्मं का, बरोबरीनं का नाही, हा वाद आपल्यात चालतो आणि चालायला हवा. मी बरोबरीच्या बाजूचा आहे. पण आपण बहुतेक घरांत अजून निम्म्यापर्यंतही पोचलेलो नाही, हे आधी कबूल करू. शरियतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून सभेत टाळ्या वाजवणारे किती भाऊ बहिणीचा शरियतनं दिलेला वाटा मोजून देतात? (शेजारच्या हिंदू घरांतही वेगळं नाही. 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळाला, आणि हक्कसोडीच्या रांगेत त्याही बहिणी आपल्या बहिणींच्या मागेपुढेच उभ्या असतात.)

मी अब्बांना विचारलं. म्हणाले, "तिनं खुशीनं दिलं. लग्नात खर्च काय कमी केला का आपण?" लग्नाचा खर्च आणि वारसाचा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनाही माहीत आहे. मग फुफीला विचारलं. ती बराच वेळ ताटातले तांदूळ निवडत राहिली. "खुशीनंच दिलं बाबा. नाही दिलं असतं तर ईदला कुठं आले असते?"

या उत्तरानं मला खूप दिवस छळलं. अब्बा ढोंगी आहेत असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते ढोंगी नाहीत. अनोळखी आजींजवळ बसणारा माणूस आणि सख्ख्या बहिणीची सही घेणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही वेळा त्याचं मन साफ होतं. मला वाटतं, गोम अशी आहे की मदत करताना आपला हात वर असतो. राशनचं किट दिलं, सिलिंडर दिला, समोरचा दुआ देतो. हक्क देताना कुणाचाच हात वर नसतो. फुफीला तिची खोली दिली तर ती अब्बांची मेहरबानी ठरत नाही. उलट इतकी वर्षं ती का दिली नाही, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आपल्याला सदका सोपा जातो आणि वाटा जड जातो. ज्याला हा जड भागही उचलता येतो, त्याला मी रहमदिल म्हणेन.

अशी माणसं आपल्याकडे झाली आहेत. पुण्यातले सय्यदभाई. बहिणीला तलाक दिला गेला तेव्हा तिच्यासाठी हळहळून, चार पैसे देऊन ते थांबले नाहीत. हे चूक आहे, असं ते आपल्याच लोकांना सांगू लागले. 22 मार्च 1970 रोजी हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यात ते होते, आणि दलवाई गेल्यानंतरही चाळीसेक वर्षं ते हेच काम करत राहिले. लोकांनी त्यांना दुआ नाही, शिव्या दिल्या. 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तोवर ते म्हातारे झाले होते. 2022 मध्ये ते गेले. दलवाईंची, सय्यदभाईंची सगळीच मतं मला पटतात असं नाही. पण बहिणीचं दुःख त्यांनी नशीब म्हणून सोडून दिलं नाही, तिच्यावर अन्याय झालाय म्हणून पाहिलं. मला कौतुक आहे ते याचं.

आपल्या पिढीचं चांगलं चाललंय. रक्तदान, पूर आला की चादरी, रमजानमध्ये किट, सगळ्याचे फोटो. करा, जरूर करा. फक्त एकदा घरातला सिटी सर्व्हेचा उतारा, गावी जमीन असेल तर सातबारा, काढून बघा. दादा-नानांच्या नावाखाली कुणाची नावं लागली आणि कुणाची गळली, ते वाचा. गळलेल्यांपैकी कुणीतरी तुम्हाला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली असेल.

मागच्या महिन्यात मी उतारा काढून आणला आणि अब्बांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. हक्कसोड झालं असलं तरी बक्षीसपत्रानं वाटा परत देता येतो, हे वकिलाला विचारून आलो होतो, तेही सांगितलं. अब्बा काही बोलले नाहीत. दोन दिवस माझ्याशीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फजरनंतर रिक्षा पुसता पुसता त्यांनी विचारलं, "त्या वकिलाचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

फुफीला अजून काही सांगितलेलं नाही.