सही करण्यापूर्वी

दिवाळी सरली की आपल्याकडच्या आजी-आजोबांची पुण्या-नागपूरला जायची तयारी सुरू होते. अमेरिकेतली थंडी चुकवायची, लग्नकार्यं गाठायची, बंद फ्लॅट उघडून बघायचा, बँकेची कामं उरकायची आणि उन्हाळ्यात परतायचं. इथे नागरिक झालेल्या मुलांनी ज्यांना ग्रीन कार्ड मिळवून दिलं, त्या आई-वडिलांचं वर्ष असं दोन घरांत वाटलेलं असतं. यंदाचं संपादकीय त्यांच्यासाठी आहे.

समजा, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मुक्काम आठ महिन्यांवर गेला. परतताना विमानतळावरचा अधिकारी खोदून विचारतो, ‘तुम्ही नक्की राहता कुठे?’ आणि आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे करतो. अमेरिकेतला निवासाचा हक्क स्वखुशीने सोडत आहोत, असं लिहून देण्याचा तो कागद. प्रवासाने थकलेला, इंग्रजीला बिचकणारा माणूस ‘साहेब म्हणतात तर करून टाकू’ म्हणत सही करतो. ही सही करायची सक्ती नाही! नकार देऊन इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, आणि तुम्ही निवास सोडला हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं. नागरिक नसलेल्यांनाही इथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे. सॅन फ्रान्सिस्कोत लाँड्री चालवणाऱ्या यिक वो या चिनी माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्येच तसा निर्वाळा दिला.

मात्र निवास इथलाच आहे, हे आपल्या वागण्यातूनही दिसलं पाहिजे. वर्षभर किंवा अधिक काळ बाहेर राहायचं असेल, तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, रीएंट्री परमिटसाठी अर्ज करावा. घर बदललं तर १० दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो. आणि कर! ग्रीन कार्डधारकाचं जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. अनिवासी भारतीयांसाठीच्या एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी इथे करपात्र आहे. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरणं बंधनकारक आहे. ‘गावाकडचे पैसे कोण विचारतंय’ ही समजूत महागात पडते.

मतदानाबाबत तर फारच जपावं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कागदांत मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. तिथे चुकूनही नागरिक असल्याची खूण केली आणि पुढे मत दिलं, तर देशाबाहेर काढण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पण ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांचा भारतातला मताचा हक्क शाबूत आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीने अनिवासी भारतीयांना पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर जावं लागतं.

मुला-मुलींनो, सामानाचं वजन करून झालं की आई-बाबांजवळ बसा आणि हे सगळं त्यांना मराठीत समजावून सांगा. इथल्या टॅक्स रिटर्नच्या आणि इथला पत्ता असलेल्या कागदांच्या प्रती त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेवा. आय-४०७ हे नाव त्यांच्याकडून पाठ करून घ्या, आणि त्यावर सही करायची नाही हेही.