झाडू कोणाच्या हातीं?

एकत्र राहण्याच्या गोष्टी पुष्कळ होतात; पण भांडीं कोणीं घासावयाचीं, हें कोणी बोलत नाहीं! अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतांत १९६७ सालीं ‘ट्विन ओक्स’ नांवाची वसाहत निघाली. तेथें उत्पन्न सर्वांचें एक आणि कामाचा हिशेब तासांवर. मळ्यांत राबल्याचा तास, मुलें सांभाळल्याचा तास व भांडीं घासल्याचा तास, तिन्हींचें मोल सारखें. ती वसाहत आजही टिकून आहे. अशी वसाहत काढूं म्हणणाऱ्या बंधुभगिनींनो, जमीन मागाहून पाहा. आधीं झाडूची पाळी ठरवा. झाडू एकाच्याच हातीं राहिला, तर जुनीच चाकरी नव्या नांवानें चालणार!