आधी थांबणे, मग ओढणे



गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या गॅरेजात जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागते. इंजिन खोलायचे, पंप-नोझल तपासायचे, वर रंगाचा हात मारायचा. टेपसुद्धा नवा येतो. पण ट्रॉलीची पिन, ब्रेक आणि टायर मात्र 'एवढा हंगाम निघेल' म्हणून तसेच राहतात. आमचे स्पष्ट मत असे की, हाताशी पैसा थोडा असेल तर तो आधी थांबण्यावर खर्चावा, ओढण्यावर मागाहून.

हिशेब साधा आहे. ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर स्वतः जेमतेम २ टनांचा. मागे दोन ट्रॉल्यांत १५ ते २० टन ऊस, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे आम्ही पाहिले आहेत. ते डिझेल फार महाग पडते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा.

रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलेली हवीत. शेतात ती सुटी ठीक. रस्त्यावर एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉल्या त्याला ढकलतात. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. वर जोडली तर चढावर पुढची चाके उचलतात. पुढे वजने बसवून घ्यावीत. झिजलेली पिन बदलावी, तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नये, आणि जोडीला साखळी असावी. जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. मोळ्या दोन्ही अंगांना सारख्या रचाव्यात, नाहीतर वळणावर ट्रॉली कलंडते. मागचे रिफ्लेक्टर लोंबत्या वाढ्यांनी झाकू नयेत.

आम्हीही चुकलो आहोत. एकदा एका फडात वीस-पंचवीस मोळ्या उरल्या. पुन्हा खेप नको म्हणून आम्हीच म्हणालो, "टाका की वर!" ओढ्याच्या चढावर पुढची चाके उचलली. चालकाने चटकन क्लच-ब्रेक दाबले, मागच्या पोराने चाकाला दगड लावला, म्हणून निभावले. त्या दिवसापासून 'टाका वर' हे शब्द आम्ही उच्चारत नाही.

वाहतूकदार म्हणतील, भाडे टनावर मिळते, खेप भरली नाही तर हप्ता कसा फेडायचा? त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच हे ओझे एकट्या चालकावर टाकून चालणार नाही. कारखान्याने वाहतुकीचा करार करतानाच पिन, ब्रेक आणि टायर पाहून घ्यावेत, असे आमचे मत आहे. आणि सभासदाने आपल्या फडात जादा मोळ्या चढवू देऊ नयेत. उरलेला ऊस पुढच्या खेपेला गेला तर वजनात थोडी घट येईल. ती सोसता येते.

ज्या रस्त्याने आपला ऊस काट्यावर जातो, त्याच रस्त्याने आपली पोरे सायकलवरून शाळेत जातात. तेव्हा या हंगामात ट्रॉली फडातून हलण्याआधी मालकाने स्वतः वाकून एकदा पिन पाहावी, एवढी विनंती.