हझोनींचा सोयीचा हिटलर

योराम हझोनी या इस्रायली लेखकाचं ‘द व्हर्च्यू ऑफ नॅशनॅलिझम’ २०१८ साली आलं. अमेरिकेतल्या उजव्यांनी डोक्यावर घेतलं, पुरस्कारही दिला. बऱ्याच डाव्यांनी नाव ऐकूनच नाक मुरडलं. २०२० मध्ये त्यांच्या रोमच्या परिषदेला ओर्बान आणि मेलोनी हजर!

मी पुस्तक वाचलंय. साम्राज्य नको, प्रत्येक राष्ट्राने आपापलं घर सांभाळावं, हे मला पटतं. पण पुढे ते म्हणतात, हिटलर राष्ट्रवादी नव्हताच, साम्राज्यवादी होता. इथं माझं भांडण आहे. अहो, न्यूरेम्बर्गचे कायदे १९३५चे! ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं तेव्हा जर्मन फौज ऑस्ट्रियातही शिरली नव्हती, ते झालं १९३८ला. आग आधी घरातच लागली होती.

आणि हेच हझोनी लिहितात, राष्ट्रात एका समाजाचं वर्चस्व इतकं निर्विवाद हवं की विरोध करणं फोल वाटावं. बरं, ते वर्चस्व घरातल्याच अल्पसंख्याकांवर उलटलं तर आवर कोण घालणार? साम्राज्यांविरुद्ध त्यांनी पानंच्या पानं लिहिलीत. याचं पटेल असं उत्तर मला त्यात सापडलं नाही. कुणाला सापडलं असेल तर पान नंबर टाका, वाद घालू.