पीडितच आरोपीच्या पिंजऱ्यात

२००९ साली ब्रिटनमध्ये गांजाच्या चोरट्या लागवडीच्या प्रकरणांत पोलिसांना दोन व्हिएतनामी मुले सापडली. त्यांपैकी एक केंब्रिजमधील घरात होता. तेथे गांजाची चारशेहून अधिक रोपे होती. या मुलांना तेथे कोणी आणून बसविले, हे आधी विचारावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्यावरच खटले झाले. वकिलांच्या सल्ल्याने दोघांनी गुन्हा कबूल केला. ते मानवी तस्करीचे बळी असल्याचे शासकीय यंत्रणेने त्यानंतर मान्य केले; तरीही अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली.

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनला दोषी ठरविले. (२०२० मध्ये युरोपीय संघ सोडूनही ब्रिटन या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत आहे.) गुलामगिरीस मनाई करणारे कलम ४ आणि न्याय्य सुनावणीची हमी देणारे कलम ६, दोहोंचा भंग झाला होता. बळींना सरसकट अभय मात्र न्यायालयाने दिले नाही, आणि ते आम्हांस योग्य वाटते. त्याचा आग्रह आहे तो क्रमाचा. तस्करीचा रास्त संशय येताच जाणकार व्यक्तीने प्रथम तपासणी करावी, खटल्याचा निर्णय मागाहून व्हावा. ते मत अभियोक्त्यास अमान्य असल्यास त्याने स्पष्ट कारणे द्यावीत. अशा तपासणीविना दिलेली कबुली म्हणजे हक्कांवर सोडलेले पाणी नव्हे.

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातील कलम ४५ अशा बळींना बचाव देते. परंतु अनुसूचीतील शंभराहून अधिक गुन्ह्यांना तो लागू नाही. तेथे सारी भिस्त पुन्हा अभियोक्त्याच्या विवेकावरच राहते.