अर्धं काम

१ जून २००६. पहाटेचे चार वाजून गेले होते. लाल दिवा लावलेली एक पांढरी अॅम्बॅसडर नागपूरच्या महाल भागातल्या रस्त्यांवरून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाच्या दिशेने निघाली होती. गस्तीवरच्या पोलिसांना तिची चाल खटकली आणि त्यांनी पाठलाग धरला. अडवल्यावर गाडीतून गोळ्या सुटल्या, हातबॉम्ब फेकला गेला. पोलिसांनी उत्तर दिलं आणि गाडीतले तिघेही तिथेच ठार झाले. अंगावर पोलिसांचे गणवेश, जवळ एके रायफली, गाडीत स्फोटकं. ज्या इमारतीसाठी ते आले होते तिच्यापर्यंत त्यांना पोचताच आलं नाही.

त्या पोलिसांचं कौतुक तेव्हा झालं आणि ते योग्यच होतं. पुढे जे झालं त्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, कारण पुढे काहीच झालं नाही. महालापासून भालदारपुरा, हंसापुरी, मोमिनपुरा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. डोकं भडकवायला त्या सकाळी पुरेसं कारण होतं. तरीही नागपुरात दंगल पेटली नाही. न झालेल्या दंगलीचा पंचनामा होत नाही, तिचं स्मारक उभं राहत नाही. म्हणून दिवाळी अंकाच्या या पहिल्या पानावर आम्ही तिची नोंद करतो आहोत.

दहशतवादी हल्ल्यात हल्लेखोर अर्धंच काम करतो, असं आम्हाला वाटतं. माणसं मारणं हे ते अर्धं. उरलेलं अर्धं, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहणं, दुकानांवर नावं वाचून दगड पडणं, हे त्याने त्या शहरातल्या लोकांवर सोपवलेलं असतं. ते आपण करून देतो की नाही, यावर त्याचं यश ठरतं.

मुंबईचं १९९३ आठवून पाहा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत सुमारे नऊशे माणसं मेली होती. जळलेल्या घरांचा वास गेला नव्हता. अशात १२ मार्चच्या शुक्रवारी दुपारी शेअर बाजारापासून सुरुवात होऊन शहरभर एकामागून एक बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली. स्फोट घडवणाऱ्यांचा हिशेब उघड होता: वाळलेल्या गवतावर आणखी एक काडी. पण मुंबई पुन्हा पेटली नाही. लोकांनी जखमींना मिळेल त्या गाडीत घालून इस्पितळात पोचवलं, रक्त द्यायला रांगा लावल्या. सोमवारी शेअर बाजार उघडला. बाजार उघडल्याची कहाणी नेहमी सांगितली जाते. दोन महिन्यांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या वस्त्यांनी त्या मार्चमध्ये हात आवरले, ही आम्हाला त्याहून फार मोठी गोष्ट वाटते.

दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे खूप भावुक लिहिलं गेलं आहे. तो जातो, कारण रोजी बुडाली तर चूल पेटत नाही. त्याच्या हिमतीला आम्ही कमी लेखत नाही. उलट, पोटात भीती असताना तोच डबा घेऊन त्याच फलाटावर उभं राहणं फार कठीण असतं. पण या हिमतीचे पोवाडे गाऊन ज्यांनी सुरक्षा द्यायची त्यांना मोकळं सोडणं हा त्या माणसाचा अपमान आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईकरांनी हे ओळखलं. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियासमोर जमलेली प्रचंड गर्दी मेणबत्त्या लावून परत गेली नाही, तिने सरकारला जाब विचारला. हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री या तिघांनाही पद सोडावं लागलं.

हल्ल्याच्या रात्रीची काही माणसं मात्र कितीदा आठवली तरी कमीच. सीएसटीवर लोकलच्या उद्घोषणा करणारे विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून सगळं पाहत होते. पळून जायला त्यांना पुरेसं कारण होतं. ते माइकपाशी थांबले आणि लोकलमधून उतरणाऱ्यांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. केबिनच्या काचेपर्यंत गोळी आली तरी आवाज थांबला नाही. त्याच स्थानकाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये गाठोडी उशाशी घेऊन बसलेली माणसं मेली. विदर्भातून मुंबईला जाणारा प्रत्येक जण त्या हॉलमध्ये कधी ना कधी जमिनीवर पेपर अंथरून बसलेला आहे. त्यामुळे आठशे किलोमीटर दूर असूनही ती जागा आपल्याला परकी नाही.

तिथून हल्लेखोर कामा रुग्णालयात शिरले. रात्रपाळीच्या परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गर्भवती होत्या. त्यांनी दारं लावली, दिवे मालवले, सगळ्या बायकांना एका लहानशा खोलीत हलवलं. एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेलं. पुढे न्यायालयात जिवंत पकडलेल्या कसाबला ओळखायला त्या गेल्या त्या गणवेश घालूनच. त्यांना स्वतःसाठी नव्हे, कामावर असलेल्या परिचारिकेच्या नात्याने साक्ष द्यायची होती. गिरगाव चौपाटीवर पोलिस तुकाराम ओंबळे यांनी रायफलीची नळी धरून ठेवली नसती, तर ती साक्ष ज्याच्याविरुद्ध झाली तो माणूस जिवंत हाती लागलाच नसता.

आणि हेमंत करकरे. त्यांच्यावर नागपूर-वर्ध्याचा हक्क आहे. शिक्षण वर्ध्यात आणि नागपुरात झालेलं, आजच्या व्हीएनआयटीचे, तेव्हाच्या व्हीआरसीईचे ते इंजिनिअर. चंद्रपूरला पोलिस अधीक्षक असताना जंगलातलं वाळकं लाकूड उचलून त्यातून शिल्पं घडवणारा हा अधिकारी. बजाजनगरच्या रस्त्याने कॉलेजात जाणाऱ्या आजच्या मुलांना हा आपला माजी विद्यार्थी किती ठाऊक असेल, ही शंका आम्हाला वारंवार येते. कामा रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत त्या रात्री अशोक कामटे आणि विजय साळसकर या पोलिस अधिकाऱ्यांसोबत ते मारले गेले.

हल्ल्यानंतर मुंबईने आणखी एक गोष्ट केली, आणि ती आमच्या मते त्या वर्षातली सर्वांत धीराची कृती आहे. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला शहरातल्या मुस्लिम संस्थांनी नकार दिला. मयताला माती देणं हे कर्तव्य मानणाऱ्या समाजासाठी हा नकार सोपा नव्हता. वर्षाहून अधिक काळ ते मृतदेह शवागारात पडून राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुप्तपणे पुरले. हल्लेखोरांनी ज्यांच्या नावाने बंदूक उचलल्याचा दावा केला होता, त्यांनीच त्यांना आपलं म्हणायचं नाकारलं.

दिवाळीलाही हा घाव ठाऊक आहे. २९ ऑक्टोबर २००५, लक्ष्मीपूजनाला तीन दिवस. दिल्लीच्या पहाडगंज आणि सरोजिनीनगरच्या खरेदीच्या गर्दीत स्फोट झाले, साठहून अधिक माणसं गेली. गोविंदपुरीत एका सिटी बसमध्ये बेवारस पिशवी दिसली. चालक कुलदीप सिंग यांनी प्रवाशांना खाली उतरवलं आणि पिशवी स्वतः बाहेर काढली. प्रवासी वाचले, कुलदीप सिंग यांचे डोळे गेले. त्या दिवाळीच्या सजावटीची, रोषणाईची कितीतरी छायाचित्रं निघाली असतील. आम्हाला त्या दिवाळीचा खरा चेहरा या चालकाचा वाटतो.

अशा माणसांचं देणं शासनाने फेडायचं असतं, आणि ते खरा गुन्हेगार शोधून, न्यायालयात टिकेल असा तपास करून. इथे आपण कमी पडलो आहोत. महालच्या चकमकीला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८९ माणसं मेली. रुळांलगतच्या झोपड्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून जखमींना उचललं. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. काही जण आपल्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडले. फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये याच कारागृहात कोरोनाने वारला होता. निर्दोष असल्याचा निकाल त्याच्या माघारी लागला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, पुढे काय व्हायचं ते तिथे होईल. पण एकोणीस वर्षांहून अधिक काळ लोटूनही त्या १८९ घरांना आपलं माणूस कुणी मारलं हे सांगणारं उत्तर कुणाहीकडे नाही. ज्यांनी चादरी आणल्या त्यांनी आपलं काम अर्ध्या तासात केलं होतं.

आता आमच्याच शहराविषयी. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात, चिटणीस पार्कच्या आसपास, भालदारपुऱ्यात आणि हंसापुरीत दगड चालले, गाड्या जळाल्या, पोलिस जखमी झाले. अकरा पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमी झालेला एक नागरिक पुढे इस्पितळात वारला. त्या संध्याकाळी बाहेरून कुणी लाल दिव्याची गाडी घेऊन आलं नव्हतं. एक अफवा आली आणि २००६ मध्ये जे अर्धं काम आपण करून द्यायचं नाकारलं होतं, ते कुणी न सांगता आपणच करून टाकलं. याची आम्हाला लाज वाटते. दोष कुणाचा किती, हे न्यायालय ठरवील. पण या शहरातल्या साड्या कोष्ट्यांच्या मागावर विणल्या गेल्या तशा मोमिनांच्याही मागावर विणल्या गेल्या. सूफी संत ताजुद्दीनबाबांना राजे रघुजी भोसले यांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवलं. इतकं जुनं असलेलं एका संध्याकाळी विसरता येतं, हे मान्य करायला जड जातं.

तरी याच शहराजवळ राग व्यक्त करायची स्वतःची रीतही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बरोबर बडगे नावाचे पुतळे निघतात. सुमारे एकशे चाळीस वर्षं ही मिरवणूक इतवारी-महालातून जाते आहे. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, ज्याने म्हणून लोकांना छळलं त्याचा बडगा होतो, त्याला भर रस्त्यात शिव्या मिळतात, आणि इडापिडा घेऊन जा अशी आरोळी ठोकून त्याला जाळलं जातं. जळतो तो कागद-बांबूचा पुतळा. कुणाचं घर नाही, कुणाची गाडी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, मार्चच्या जखमा ओल्या असतानाही, मारबती निघाल्या.

या अंकात एक विभाग याच विषयाला दिला आहे: हल्ला झेललेली शहरं आणि त्यातली साधी माणसं. बाकी कथा, कविता, प्रवासवर्णन, राशिभविष्य नेहमीप्रमाणे आहेच. पण तो विभाग आम्हाला अपुरा वाटतो, कारण त्यात १७ मार्चचा महाल नाही. त्या संध्याकाळी कुणीतरी शटर अर्धं उचलून अनोळखी पोराला आत ओढलं असेल. कुणीतरी शेजाऱ्याच्या दारासमोर उभं राहून जमावाला परत फिरवलं असेल. ही माणसं बोलत नाहीत, कारण आपल्याच गल्लीत बोलणं त्यांना महाग पडू शकतं. त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी आम्हाला लिहावं, मराठीत, उर्दूत किंवा हिंदीत. नाव छापायचं की नाही हे त्यांनीच ठरवावं. पुढच्या वर्षीच्या अंकाची पहिली पानं आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.